विश्लेषण : सिनेमाआधी पोहोचणारे मुखपृष्ठ

कळवणच्या सलूनमध्ये खुर्चीत बसलेला मुलगा हल्ली केसांचा कट तोंडाने सांगत नाही, फोन पुढे करतो. स्क्रीनवर एखादा हीरो असतो आणि त्याच्या डोक्यामागे अर्धवट झाकलेले मासिकाचे नाव. ते मासिक या मुलाने बहुधा कधी हातात धरलेले नसते. विकत घ्यायचे म्हटले तर पाऊणशे-ऐंशी किलोमीटरवरचे नाशिक गाठावे लागेल. मुखपृष्ठ मात्र कुणाच्या तरी स्टेटसवरून फुकट आले. त्या हीरोचा नवा चित्रपट महिन्याभरात लागणार असतो, आणि हा योगायोग नसतो.

मुखपृष्ठाची वेळ कशी ठरते?

मासिकाचा अंक ज्या महिन्याचा असतो, त्याच्या थोडा आधीच तो बाजारात येतो. फोटो त्याहून कितीतरी आधी काढलेले असतात. म्हणजे चित्रपटाची तारीख जाहीर झाली की कलाकाराचे प्रसिद्धी सांभाळणारे लोक उलटे मोजायला लागतात : ट्रेलर कधी, गाणे कधी, मुलाखती कधी आणि कव्हर कधी. ‘धडक’ २० जुलै २०१८ला प्रदर्शित झाला. जान्हवी कपूरचा तो पहिलाच चित्रपट. ‘व्होग इंडिया’च्या मुखपृष्ठावर ती झळकली ती त्याच वर्षीच्या जूनच्या अंकात. प्रेक्षकांनी तिचा अभिनय पाहण्याआधी तिचा चेहरा ओळखीचा झाला होता.

यात प्रत्येकाला काहीतरी मिळते. मासिकाला विकला जाणारा चेहरा मिळतो, निर्मात्याला प्रसिद्धी मिळते आणि अंगावरचे कपडे-दागिने पुरवणाऱ्या ब्रँडचे नाव आतल्या पानावर येते. इन्स्टाग्रामवर तर कलाकार, मासिक, स्टायलिस्ट, छायाचित्रकार असे सगळे एकाच वेळी तेच चित्र टाकतात. छापील अंक जितक्यांच्या हातात पडेल, त्याच्या कितीतरी पट लोक नुसते मुखपृष्ठ पाहतात. ‘डिजिटल कव्हर’ नावाचा प्रकार त्यातूनच रूढ झाला. त्यात अनेकदा छापील अंक नसतोच. असते फक्त फोनच्या उभ्या पडद्यात बसेल असे मासिकाचे नाव आणि फोटो.

ही पद्धत नवी आहे का?

अजिबात नाही. सिनेमा आणि मासिक यांची सोयरीक जुनी आहे, आणि तिचा एक धागा नाशिक जिल्ह्यातूनच जातो. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांनी १९१७-१८मध्ये ‘नवयुग’ या मराठी मासिकात भारतीय चित्रपटाविषयी लेखमाला लिहिली होती. पडद्यावरचा हा खेळ वाचकाला समजावून सांगायला त्यांनाही मासिकच लागले.

मुखपृष्ठाचा प्रसिद्धीसाठी पद्धतशीर वापर ठळकपणे दिसतो तो बाबूराव पटेल यांच्या ‘फिल्मइंडिया’त. १९३५मध्ये मुंबईत सुरू झालेले हे इंग्रजी मासिक आतल्या पानांवर चित्रपटांची सालटी काढण्यासाठी प्रसिद्ध होते. बाहेरून मात्र ते देखणे असे. एस. एम. पंडित यांच्यासारख्या चित्रकाराने रंगवलेल्या नट्या त्याच्या मुखपृष्ठावर येत. बाहेर कौतुक आणि आत टीका, हा दुटप्पीपणा वाचकांना खटकला नाही, उलट तोच आवडला असावा. आजच्या डिजिटल कव्हरमधून नेमकी ही आतली बाजूच गळाली आहे.

मार्च १९५२मध्ये ‘फिल्मफेअर’ आले, पहिल्या मुखपृष्ठावर कामिनी कौशल होत्या. नाशिकच्या ‘गावकरी’ समूहाचे ‘रसरंग’ हे साप्ताहिक मराठी वाचकासाठी होते. इसाक मुजावर यांच्यासारख्या सिनेपत्रकारांचे लेखन त्यात येई. अशा साप्ताहिकांचे गावाकडचे आयुष्य अंक वाचून संपत नसे. मुखपृष्ठ कात्रीने कापून सलूनच्या आरशाशेजारी चिकटवले जाई आणि ऊन लागून फिके पडेपर्यंत तिथेच राही. आज फोन पुढे करणाऱ्या मुलाच्या वडिलांनी कदाचित त्याच भिंतीकडे बोट दाखवून ‘असे काप’ म्हटले असेल.

मग १९७१मध्ये ‘स्टारडस्ट’ने खेळच बदलला. नारी हिरा हे त्याचे प्रकाशक, आणि लवकरच त्याच्या संपादक म्हणून नाव गाजवणारी तरुणी होती शोभा राजाध्यक्ष, म्हणजे आताच्या शोभा डे. पहिल्याच अंकाच्या मुखपृष्ठावर राजेश खन्ना, आणि त्यांचे गुपचूप लग्न झाले आहे का, असा प्रश्न. राजेश खन्ना त्या वेळी ऐन शिखरावर होते. ‘आराधना’ येऊन दोनच वर्षे झाली होती. मुखपृष्ठावर चित्रपटाची नव्हे, माणसाची बातमी. प्रश्न बाहेर आणि उत्तर आत, म्हणून अंक विकत घ्यायचा. आज यूट्यूबच्या थंबनेलवर जे प्रश्नचिन्ह दिसते, त्याचे हे थोरले भावंड.

तरुणांना त्यात काय भावते?

मुखपृष्ठावरचा चेहरा बहुतेक वेळा थेट आपल्याकडे पाहतो. पोस्टरवर गर्दी असते : खलनायक, गाडी, स्फोट, दहा नावे. कव्हरवर एकच माणूस असतो, आणि तो मासिकाच्या नावाच्याही पुढे उभा असतो. हा इतका मोठा आहे की नाव झाकले तरी चालेल, असे ती मांडणी न बोलता सांगते. शिवाय चित्रपटातली भूमिका उचलून आपल्याला घालता येत नाही, पण कव्हरवरचा जॅकेट-शर्ट, दाढीचा कट, साडीचा रंग उचलता येतो. कळवणच्या मुलाला वांद्र्याचा बंगला परवडणार नाही, केसांचा कट परवडतो.

याहून गंमत म्हणजे ही चौकटच आता सगळ्यांची झाली आहे. लग्नाआधीच्या फोटोशूटमध्ये जोडप्याचा फोटो ‘मासिकाच्या कव्हर’मध्ये बसवून देतात. मोबाइलच्या ॲपमध्ये तयार साचे असतात, फोटो टाकला की झाले. चौकातल्या वाढदिवसाच्या फ्लेक्सची मांडणी पाहा : वर मोठी अक्षरे, मध्ये कमरेपर्यंतचा माणूस, डोळ्यांवर गॉगल. मुखपृष्ठावर असणे म्हणजे कुणीतरी असणे, हे चित्रपटसृष्टीने शंभरदा सांगितले आणि आपण ते मुकाट्याने मान्य केले.

चित्रपटच नसेल, तर मुखपृष्ठ कशाचे?

ऑगस्ट २०१८मध्ये ‘व्होग इंडिया’च्या मुखपृष्ठावर सुहाना खान होती. तेव्हा तिचा एकही चित्रपट आलेला नव्हता. ‘द आर्चीज’ नेटफ्लिक्सवर आला ७ डिसेंबर २०२३ला, म्हणजे पाच वर्षांहून अधिक काळाने. केवळ शाहरुख खानची मुलगी म्हणून हा मान का, अशी टीका त्या वेळी भरपूर झाली. ती रास्त होती. इथे जाहिरात चित्रपटाची नव्हतीच, पुढे कधीतरी येणाऱ्या चित्रपटासाठी चेहरा आधीच मुरवत ठेवला जात होता.

‘सैराट’ला कव्हर लागले होते का?

‘धडक’चे उदाहरण वर मुद्दाम घेतले, कारण तो ‘सैराट’चा हिंदी अवतार. नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ फेब्रुवारी २०१६मध्ये बर्लिन महोत्सवाच्या लहान आणि तरुण प्रेक्षकांसाठीच्या ‘जनरेशन’ विभागात दाखवला गेला आणि २९ एप्रिलला महाराष्ट्रात लागला. अकलूजची रिंकू राजगुरू त्याआधी कोणालाच माहीत नव्हती. चित्रपट लागण्यापूर्वीच राष्ट्रीय पुरस्कारांत तिचा विशेष उल्लेख झाला, पण गावोगाव चित्रपट पोहोचवला तो अजय-अतुल यांच्या गाण्यांनी. ‘झिंगाट’ वरातीत आणि रिक्षांत वाजले आणि पोरे थिएटरात उभे राहून नाचली. चकचकीत मासिकाच्या मुखपृष्ठाने हे घडवलेले नव्हते.

दोन वर्षांनी तीच कथा हिंदीत गेली, करमाळ्याकडचे रान सुटून उदयपूर आले, आणि प्रदर्शनाआधी नायिकेला मुखपृष्ठ मिळाले. जान्हवीचा यात दोष नाही. पण मुखपृष्ठ मिळते ते कसदार चित्रपटाला की मुंबईत आधीच ओळख असलेल्या घराला, हा प्रश्न इथे टळत नाही. तरुण प्रेक्षक हवा तर तो अकलूज-कळवणचाही चालतो. चेहरा मात्र तिथला सहसा चालत नाही.

मुखपृष्ठ विकत मिळते का?

मासिकाने संपादकीय निर्णय म्हणून चेहरा निवडणे आणि पैसे घेऊन जागा देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डिजिटल कव्हरच्या बाबतीत ही रेघ पुसट झाल्याची चर्चा सतत होते, आणि छापायचा खर्चच नसल्याने त्यात नवल नाही. वाचकाला बाहेरून ओळखण्याची खूण एकच : ‘जाहिरात’ किंवा ‘पेड पार्टनरशिप’ असे लेबल. समाजमाध्यमांवर पैसे किंवा वस्तू घेऊन केलेल्या पोस्टवर असे लेबल लावण्याचे नियम जाहिरात मानक परिषदेने (ॲस्कीने) २०२१मध्ये आणले. केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने जानेवारी २०२३मध्ये नामवंत आणि इन्फ्लुएन्सर यांच्यासाठी स्वतंत्र मार्गदर्शक सूचना काढल्या. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी ग्राहक संरक्षण कायद्यात १० लाखांपर्यंत, आणि पुन्हा तसेच केल्यास ५० लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

अडचण अशी की लेबल मूळ पोस्टवर असते. तिचा स्क्रीनशॉट काढून कुणी स्टेटसला ठेवला की लेबल कापले जाते, चेहरा तेवढा उरतो. त्यात चाहत्यांनी घरी बसून बनवलेली कव्हरेही फिरतात, आणि तीही खऱ्यासारखीच दिसतात. खात्री करायची तर त्या मासिकाच्या स्वतःच्या खात्यावर ते कव्हर आहे का, अंकाचा महिना कोणता आणि त्या कलाकाराचा चित्रपट कधी लागतोय, एवढे पाहिले तरी पुरते. दोन मिनिटांचे काम आहे. सलूनमध्ये नंबर येईपर्यंत सहज होते.