फारकत कोणापासून? : संयुक्त वाहनकर्जाच्या कागदांतील मराठी

प्रस्तावना

व्यावहारिक मराठीचा अभ्यास करताना आपण अर्ज, इतिवृत्ते व कार्यालयीन पत्रे यांचा विचार केला. कर्जाचे करारपत्र मात्र आपण बहुधा न वाचताच स्वाक्षरी करून परत देतो. त्यातील एखाद्या शब्दाचा अर्थ न कळल्यास काय घडते, हे या घटकात पाहू.

उदाहरण

गोंदिया जिल्ह्यातील बिरसी येथील एका काल्पनिक जोडप्याचे उदाहरण घेऊ. दोघांनी सहा लाख रुपयांचे कर्ज काढून मालवाहू टेम्पो घेतला. पती कर्जदार, पत्नी सहकर्जदार. पुढे परस्परसंमतीने घटस्फोट झाला, तेव्हा 2,40,000 रुपये देणे शिल्लक होते. संमतीपत्रात एकच वाक्य होते : ‘गाडीचे उर्वरित हप्ते पती भरेल.’ काही महिन्यांनी हप्ते थकले आणि नोटीस पत्नीच्या माहेरी आली. तिने विचारले, ‘माझी फारकत झाली, मग हे कर्ज माझे कसे?’

‘फारकत’ : एक शब्द, दोन अर्थ

हा प्रश्न भाषेच्या दृष्टीने स्वाभाविक आहे. ‘फारकत’ किंवा ‘फारखत’ हा शब्द फारसी-अरबी परंपरेतून मराठीत आला. त्याचा मूळ अर्थ मुक्त केल्याचा लेख. मराठीत तो देण्याघेण्यातून सुटका आणि पतिपत्नींची विभक्ती, अशा दोन्ही अर्थांनी रूढ झाला. शब्द एक असला तरी सुटका देणारे दोन आहेत. विवाहातून न्यायालय मुक्त करते. कर्जातून मुक्त करणे कर्ज देणाऱ्या संस्थेच्या हाती असते.

‘संयुक्तपणे व पृथकपणे’

कर्जाच्या करारात ही शब्दजोडी आढळते. ‘पृथकपणे’ म्हणजे ‘निम्मे निम्मे’ असा समज होतो. तो चुकीचा आहे. दोघांपैकी कोणाही एकाकडून संपूर्ण रक्कम मागता येते, असा त्याचा अर्थ. भारतीय करार अधिनियम, 1872 च्या कलम 43 मध्ये हेच तत्त्व आहे. त्याच कलमानुसार, वेगळे ठरले नसल्यास, सहकर्जदार एकमेकांकडून समान वाटा मागू शकतात. आपल्या उदाहरणात वेगळे ठरले आहे. म्हणून पत्नीने रक्कम भरल्यास ती संमतीपत्राच्या आधारे पतीकडून मागू शकते. पण बँक त्या संमतीपत्रात पक्षकार नसल्याने ते बँकेला बांधत नाही.

‘नजरगहाण’

सोने गहाण ठेवले की ते सावकाराकडे जाते. नजरगहाणात वस्तू आपल्याकडे राहते, तिच्यावरील बोजा मात्र संस्थेचा असतो. मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 51 नुसार हा बोजा नोंदणी प्रमाणपत्रावर नोंदला जातो आणि संस्थेच्या लेखी संमतीवाचून मालकी बदलाची नोंद होत नाही.

मार्ग कोणते?

पहिला मार्ग, संस्थेच्या संमतीने वाहन विकून कर्ज फेडणे. किमतीतून कर्ज न फिटल्यास उरलेली रक्कम कोणी भरायची, हे आधीच ठरवावे. दुसरा, वाहन ठेवणाऱ्याने स्वतःच्या एकट्याच्या नावे नवे कर्ज घेऊन जुने फेडणे, किंवा संस्थेकडून दुसऱ्याला मुक्त केल्याचे लेखी पत्र मिळवणे. कर्ज फिटल्यावर ‘थकबाकी नाही’ असा दाखला घेऊन परिवहन कार्यालयात बोजा कमी करावा. त्यासाठी नमुना 35 असतो.

हे दोन्ही शक्य नसल्यास संमतीपत्रातील वाक्य तरी पक्के असावे. ‘भरेल’ हे क्रियापद भविष्यकाळ सांगते. तारीख, पुरावा आणि कसूर झाल्यास परिणाम सांगत नाही. तुलनेसाठी हे वाक्य पाहा : ‘पतीने दरमहा 5 तारखेपर्यंत हप्ता भरावा व पावतीची प्रत पत्नीस द्यावी, कसूर झाल्यामुळे पत्नीस रक्कम भरावी लागल्यास ती पतीने 30 दिवसांत परत करावी.’ यानेही बँकेपासून सुटका होत नाही, परंतु वसुलीचा आधार भक्कम होतो. प्रत्यक्ष मसुदा वकिलाकडून तपासून घ्यावा.

सारांश

नाते तुटले म्हणून करार तुटत नाही. ज्याच्याशी करार झाला, त्याच्याकडूनच सुटका लेखी घ्यावी लागते.

स्वाध्याय

1. ‘कर्जदार’, ‘सहकर्जदार’ व ‘जामीनदार’ या शब्दांतील फरक सोदाहरण स्पष्ट करा.
2. घरातील एखादे करारपत्र वाचून त्यातील न समजलेल्या पाच शब्दांचे अर्थ सोप्या मराठीत लिहा.