नाश्ता फुकट होता, तरी पोरं का येत नव्हती?

(एपिसोडचं शब्दांकन. बोलतानाचे 'अं' आणि 'म्हणजे काय' तेवढे काढलेत.)

आजचा विषय शाळेतला नाश्ता. घरचा डबा नाही, मधल्या सुट्टीतली खिचडी पण नाही. सकाळी शाळेनेच मुलांना द्यायचा नाश्ता. गोष्ट मुख्यतः अमेरिकेतली आहे, कारण तिथे हा प्रश्न कित्येक वर्षं चघळला गेलाय: खाणं तयार आहे, गरीब मुलांना फुकट आहे, आणि तरी मुलं येत नाहीत. मग करायचं काय?

इतिहास पटकन उरकतो. अमेरिकेत शाळेतलं दुपारचं जेवण देशभर सुरू झालं १९४६ मध्ये. नाश्ता आला वीस वर्षांनी, १९६६ ला, तोही प्रयोग म्हणून. १९६९ मध्ये ओकलंडच्या एका चर्चमध्ये ब्लॅक पँथर पक्षाने शाळेआधी मुलांना फुकट नाश्ता द्यायला सुरुवात केली आणि बघता बघता तो अनेक शहरांत पसरला. (हो, तेच ब्लॅक पँथर, ज्यांच्यावरून १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथरने नाव घेतलं.) एफबीआयला या नाश्त्याचीही धास्ती वाटत होती! सरकारी नाश्ता योजना कायमची झाली १९७५ मध्ये.

आता आकडा बघा. कोविडच्या आधी रोज साधारण ३ कोटी मुलं शाळेत दुपारी जेवत होती. नाश्ता करणारी? दीड कोटीच्या आसपास. आणि नाश्ता करणाऱ्यांत बहुतेक गरीब घरातलीच. म्हणजे सकाळी उपाशी येणारं पोर दुपारी जेवायच्या रांगेत दिसतं, पण सकाळी त्याच खोलीत फुकट मिळणाऱ्या खाण्याकडे फिरकत नाही.

आमच्या क्षेत्रात असं काही दिसलं की पहिलं काम म्हणजे फनेल काढायचा. माणूस अॅप उघडतो तिथपासून पैसे भरतो तिथपर्यंत कुठल्या स्क्रीनवर किती जण गळतात ते बघायचं. इथे तोच फनेल काढू.

पहिली गळती बसमध्ये. बस शाळेत पोचते तीच घंटेच्या जेमतेम पाच-दहा मिनिटं आधी. दुसरी गळती अंतराची: कॅफेटेरिया इमारतीच्या दुसऱ्या टोकाला आणि मित्र बाहेर मैदानावर. दहा वर्षांचं पोर काय निवडेल, सांगा बरं. मोठ्या मुलांची गंमत वेगळी. सकाळी सातला त्यांना भूकच नसते. ती लागते साडेनऊला, गणिताच्या तासाला, आणि तेव्हा नाश्ता बंद झालेला असतो.

पण सगळ्यात मोठी गळती लाजेची आहे, असं माझं मत. दुपारी सगळेच कॅफेटेरियात असतात. कोण पैसे भरून जेवतंय, कोण फुकट, सहज कळत नाही. सकाळी मात्र तिथे तेच जातात ज्यांच्या घरी काही झालेलं नसतं. म्हणजे त्या दारातून आत जाणं म्हणजे सगळ्या शाळेला आपल्या घरची परिस्थिती सांगत जाणं. आठवीतल्या मुलाला हे विचारा. तो उपाशी राहील, पण त्या दारातून जाणार नाही.

आता यावर पोस्टर लावून उपयोग नाही. 'नाश्ता करा, निरोगी रहा' हे मुलांना माहीत असतंच की. बदलावी लागली ती वेळ आणि जागा. नाश्ता घंटेच्या आधी नाही, घंटेनंतर. आणि मुलं कॅफेटेरियात नाही, नाश्ताच वर्गात. सकाळी थंड-गरम राखणाऱ्या पिशव्या वर्गाच्या दारात येतात: दूध, फळ, सीरियल किंवा एखादा पाव. हजेरी चालू असताना, दहा-पंधरा मिनिटांत, सगळी मुलं आपापल्या बाकावर खातात. मोठ्या शाळांत दुसरी पद्धत: प्रवेशद्वाराजवळ गाडी उभी, पिशवी उचला आणि चालू पडा. तिसरी म्हणजे पहिल्या तासानंतर पुन्हा एक संधी, त्या साडेनऊच्या भुकेसाठी. २०१३ मध्ये कोलोरॅडो राज्याने तर घंटेनंतरच्या नाश्त्याचा कायदाच केला.

सोबत फॉर्मची कटकटही कमी केली. २०१० च्या कायद्याने गरीब वस्तीतल्या शाळांना मुभा मिळाली: घराघरातून उत्पन्नाचे फॉर्म गोळा करू नका, सगळ्यांनाच फुकट द्या. एकदा सगळेच फुकट खाऊ लागले की लाजायचं कारणच उरत नाही.

सगळं सुरळीत झालं असं समजू नका. लॉस एंजेलिसमध्ये शिक्षक संघटनेने तक्रार केली: शिकवायची मिनिटं जातात, दूध सांडतं, वर्गात किडे होतात. आणि खरंय ते. सांडलेलं पुसायचं कोणी, हा प्रश्न धोरण लिहिणाऱ्याच्या टेबलावर कधी येत नाही, तो येतो शिक्षिकेच्या टेबलावर. दुसरीकडे कॅफेटेरियातले कामगार योजनेच्या बाजूने, कारण ती बंद पडली तर त्यांची कामं जाणार होती. शेवटी २०१३ मध्ये तिथल्या शाळा मंडळाने योजना चालू ठेवायचं ठरवलं.

आता मला सगळ्यात आवडलेला भाग. न्यूयॉर्क शहरात वर्गातल्या नाश्त्याचा एक नीट अभ्यास झाला, २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. समर्थक म्हणत होते मार्क वाढतील. विरोधक म्हणत होते मुलं घरी खाऊन परत इथे खातील आणि जाड होतील. निकाल? खाणाऱ्या मुलांची संख्या भरपूर वाढली. मार्क वाढल्याचा पुरावा नाही. लठ्ठपणा वाढल्याचाही नाही.

काही जण हे ऐकून म्हणतील, मग फायदा काय? मला हा प्रश्नच विचित्र वाटतो. ऑफिसच्या कँटीनमध्ये आपल्याला पोहे देताना कोणी विचारतं का, की याने तुमचा कोड सुधारला का? भुकेलं मूल जेवलं, हा निकाल आहेच ना. तो सिद्ध करायला गणिताचा पेपर कशाला?

आपल्याकडे बघायचं तर तमिळनाडूकडे बघा. १५ सप्टेंबर २०२२ ला मदुराईतून तिथे मुख्यमंत्र्यांची नाश्ता योजना सुरू झाली, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये राज्यातल्या सगळ्या सरकारी प्राथमिक शाळांत पोचली, पहिली ते पाचवी. उपमा, पोंगल, खिचडी, सोबत भाज्यांचं सांबार. तिथे नाश्ता शाळा भरायच्या आधीच असतो, तरी चालतो. माझा अंदाज असा की प्राथमिक शाळा घराजवळ असते, बसची भानगड कमी. आणि वर्गातलं प्रत्येक पोर त्याच पंगतीत बसतं, त्यामुळे अमेरिकेतली ती लाजेची गळती सुरुवातीपासूनच बंद.

महाराष्ट्रात शाळेत दुपारचा पोषण आहार आहे, पण नाश्त्याचं तसं नाही. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात नाश्ता द्यावा असं लिहिलंय. गरम जमत नसेल तिथे काय, तर शेंगदाणे किंवा हरभरे, गूळ आणि जवळपास मिळणारी फळं! पुढच्याच वर्षी मध्यान्ह भोजन योजनेचं नाव पीएम पोषण झालं, त्यात मात्र देशभरासाठी नाश्ता आला नाही.

उद्या आपल्याकडे तो आलाच, तर सकाळच्या सत्रातली शाळा डोळ्यासमोर आणून बघा. सातला घंटा, दोन पाळ्यांची एकच इमारत, घरून साडेसहाला निघालेलं पोर. शेंगदाण्याची पिशवी त्याच्या हातात साडेसहाला द्यायची, सातला, की पहिल्या तासानंतर? आणि टरफलं झाडणार कोण? तुमच्या ओळखीत कोणी शिक्षक असतील तर त्यांना विचारा आणि मला कळवा. पुढच्या आठवड्यात भेटू.