बिगर-जीएमचे जादा पैसे कुणाला?

संभाजीनगरात सेंद्रिय मालाच्या दुकानात हे वाक्य हमखास कानावर पडतं : "आपण बिगर-जीएम घेतलं की शेतकऱ्याला चार पैसे जास्त मिळतात." बोलणाऱ्याचा हेतू चांगला असतो, तरी आता चीड येते. कारण सोयाबीनचा हिशेब वेगळंच सांगतो.

भारतात व्यापारी लागवड होते ती एकाच जीएम, म्हणजे जनुकीय बदल केलेल्या, पिकाची : बीटी कापसाची. तीही २००२ पासून. मराठवाड्यातल्या सोयाबीनला जीएम वाणाची परवानगीच नाही. मोंढ्यात ओलावा बघतात, माती-काडी बघतात, डागी दाणे बघतात. जीएम आहे का, असं कुणी विचारत नाही. जे सगळ्यांच्याच पोत्यात आहे, त्याला वेगळा भाव कोण देणार?

वेगळा भाव मिळतो तो पेंडीला. सोयाबीन गाळलं की साधारण १८ टक्के तेल निघतं, बाकी बहुतेक पेंडच. युरोपातले काही खरेदीदार बिगर-जीएम पेंडीला जास्त मोजतात. पण त्यासाठी करार लागतो, वेगळी साठवण लागते, तपासणी लागते. देशात राहणारी पेंड मुख्यतः कोंबड्यांच्या खाद्यात जाते, आणि अंडी घेताना कोंबडीनं काय खाल्लं हे विचारणारं गिऱ्हाईक मला अजून भेटलेलं नाही.

२०२१ आठवा. पेंड महागली, पोल्ट्रीवाल्यांनी ओरड केली, आणि ऑगस्टमध्ये केंद्रानं १२ लाख टन जीएम पेंडीच्या आयातीला परवानगी दिली. क्विंटलला १० हजारांच्या आसपास गेलेलं सोयाबीन काही आठवड्यांत ५-६ हजारांवर आलं. नवी आवकही तेव्हाच सुरू झाली होती, सगळा दोष आयातीचा नव्हे. पण आपलं सोयाबीन बिगर-जीएम आहे, याचा त्या पडझडीत शेतकऱ्याला काडीचा आधार झाला नाही.

आणखी काही गैरसमज. संकरित म्हणजे जीएम नव्हे : सिल्लोडचा मका संकरित आहे, जीएम नाही. "आपल्या ताटात जीएम नाहीच" हेही खोटं : सरकीचं तेल मुख्यतः बीटी कापसाचंच, आणि अर्जेंटिना-ब्राझीलहून येणारं सोयातेल बहुतांश जीएम बियांचं. शुद्ध केलेल्या तेलात डीएनए किंवा प्रथिनं जवळपास उरत नाहीत, म्हणून घाबरायचं कारण नाही. आणि ज्वारीच्या पिठावरचा 'बिगर-जीएम' शिक्का? जीएम ज्वारी बाजारात कुठेच विकली जात नाही. त्या शिक्क्यासाठी एक रुपयाही जास्त देऊ नका.