खाऱ्या वाऱ्यातली शेगडी

नागाव, रेवदंडा, काशीद, मुरुड या रस्त्याने जाताना ‘घरगुती जेवणाची सोय’ ही पाटी दर चार-दोन घरांआड दिसते. शनिवार उजाडला की या घरांतल्या शेगड्यांना उसंत नसते. सकाळी चहा आणि घावने, मग भाताचं आधण, दुपारी सुरमईचे तवे, संध्याकाळी भजी, रात्री पुन्हा तवे. घरी परतलेला पाहुणा सोलकढीचं नाव काढतो, तळलेल्या बांगड्याचं काढतो. ज्या दोन-तीन बर्नरवर हे सगळं झालं त्यांची आठवण कुणी काढत नाही. तेही बरंच म्हणायचं, कारण शेगडीची आठवण होते ती बहुधा गॅसचा वास आल्यावर.

या किनाऱ्यावरची शेगडी नीट पाहायची तर ती उलटी करून पाहावी. रेग्युलेटर बंद, नळी सोडवलेली, बर्नर गार, आणि मग शेगडी ओट्यावर पालथी. वरचा पत्रा रोज दोनदा पुसलेला, लखलखीत. खाली मात्र पायांचे स्क्रू गंजून फुगलेले, बर्नर धरणाऱ्या पट्ट्यांचे पापुद्रे सुटलेले, आणि गॅस वाहून नेणाऱ्या धातूच्या नळीवर तेल, पीठ आणि धूळ यांचा चिकट थर. दुरुस्तीला येणारा माणूस हे बघून एकच वाक्य बोलतो, “काकू, तोंड धुतलंय, पाय कधी धुणार?” त्याचं खरं आहे. आपण दिसतं ते घासतो. किनाऱ्यावर शेगडी खालून जाते.

मिठाची बरणी उघडी राहिली की पावसाळ्यात मिठाला पाणी सुटतं, हे इथल्या कुठल्याही घराला सांगावं लागत नाही. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं आणि त्यातच विरघळतं. समुद्रावरून येणारा वारा मिठाचे अतिसूक्ष्म कण घेऊनच येतो आणि ते स्वयंपाकघरातल्या प्रत्येक धातूवर बसतात. पावसाळ्याचे चार महिने तर सोडाच, एरवीही रात्री-पहाटे हवा इतकी दमट असते की तो थर पुन्हा ओला होतो. म्हणजे पत्रा कोरडा वाटला तरी त्यावर मिठाच्या पाण्याची पातळ साय असतेच. स्टेनलेस स्टील गंजत नाही ते त्यातल्या क्रोमियममुळे. त्याचा एक अदृश्य थर पोलादाला झाकून ठेवतो. मिठातलं क्लोराइड नेमकं त्या थरालाच भोकं पाडतं. आधी तपकिरी ठिपके दिसतात, मग हाताला खरखर लागते. दुकानात चुंबक लावून स्टील पारखण्याची पद्धत आहे, चिकटलं नाही म्हणजे माल उत्तम. ही पारख अपुरी आहे. २०२ जातीच्या स्वस्त स्टीललाही चुंबक चिकटत नाही, आणि खाऱ्या हवेत ते ३०४च्या पुष्कळ आधी डागाळतं.

यावर उपाय कंटाळवाणा आहे: गोडं पाणी, भांड्यांचा साबण, मऊ फडकं, आणि मग दुसरं कोरडं फडकं. किनाऱ्यावर हे दुसरं फडकं पहिल्यापेक्षा महत्त्वाचं. तारेची घासणी इथे शत्रूच समजावी. तिचे लोखंडी कण पत्र्यावर अडकून राहतात आणि दोन दिवसांत तेच गंजून शेगडी गंजल्याचा भास देतात, पुढे खरोखर गंजवतात. त्यापेक्षा नारळाच्या सोडणाची घासणी चांगली, ती या वाड्यांमध्ये फुकट मिळते आणि पत्र्याला ओरखडा काढत नाही. फरशीचं ॲसिड आणि ब्लीच यांचा तर शेगडीशी संबंधच येऊ देऊ नये. दोन्हींत क्लोराइड आहे, म्हणजे समुद्राचंच काम आपण स्वतःच्या हाताने करतो. खायचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून फसफसवण्याची एक चाल हल्ली घरोघरी गेली आहे. फेस बघायला मजा येते, पण आम्ल आणि अल्क दोघांचा जोर एकमेकांतच संपतो. तेलकट थरावर नुसत्या सोड्याचा लेप लावून थोडा वेळ ठेवला तर जास्त काम होतं.

पितळी बर्नरसाठी चिंच किंवा सोलकढीतून उरलेली आमसुलं वापरायची रीत जुनी आहे, आणि योग्यही आहे. आम्लाने पितळेवरचा काळा थर सुटतो. मात्र लावून विसरायचं नाही, लगेच धुवायचं. कोकमाच्या आगळात तर मीठ मुद्दाम घातलेलं असतं, त्यामुळे ते स्टीलवर सांडलं तर आधी ते पुसावं, मग कढी ढवळावी. बर्नरची भोकं मोकळी करायला हिराच्या केरसुणीची एक काडी पुरते. धुतलेला बर्नर झटकून उन्हात वाळवावा. ओला तसाच बसवला की ज्योत फुरफुरते, अर्धी पेटते, आणि आपण शेगडीला नावं ठेवतो. झाकण खाचेत नीट बसलेलं नसलं तरी हेच होतं. एका बाजूने ज्योत उंच, दुसरीकडे पत्ता नाही.

काडीचा अधिकार मात्र बर्नरपुरता. त्याच्या आत, नळीच्या टोकाशी जो पितळी जेट असतो तिथे तिने जाऊ नये. आपल्याकडे हा हात वळतो याला कारण पंपाचा स्टोव्ह. फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट या स्वीडिश माणसाने १८९२ साली तो प्रायमस बनवला आणि पुढच्या अर्धशतकात तो कोकणातल्या चुलीशेजारी येऊन बसला. रॉकेलचा स्टोव्ह फुरफुर करेनासा झाला की पिन मारायची, हे आमच्या दोन पिढ्यांना हातवळणी पडलं होतं. त्या स्टोव्हला पिन ही त्याच्याच घडणीतली वस्तू होती. गॅसच्या शेगडीतला जेट वेगळा. त्याचं छिद्र एक मिलिमीटरहूनही लहान आणि नेमक्या मापाचं असतं. सुई, सेफ्टी पिन किंवा तार घालून ते फिरवलं की मऊ पितळ झिजतं, छिद्र रुंदावतं आणि गॅस गरजेपेक्षा जास्त येतो. एका भाग गॅसला पूर्ण जळायला पंचवीस ते तीस भाग हवा लागते. जेटमधून वेगाने सुटणारी गॅसची धार वाटेत हवा ओढून घेते, तेवढ्यावरच हे सगळं गणित उभं आहे. धार बिघडली की हवा पुरत नाही, ज्योत पिवळी लांबट होते आणि टोपाची बुडं काळी पडतात. जेट तुंबला असेल तर तो काढून साफ करणं किंवा बदलणं हे मेकॅनिकचं काम.

पिवळ्या ज्योतीचं या किनाऱ्यावर आणखी एक प्रकरण आहे, आणि मला त्याची गंमत वाटते. मिठात सोडियम असतं, आणि सोडियम ज्योतीत गेलं की ते गडद पिवळा रंग देतं. भाताची पेज उतू गेली, माशाला लावलेलं मीठ बर्नरवर पडलं, किंवा नुसती समुद्राकडची खिडकी उघडी असली, तरी निळ्या ज्योतीत पिवळ्या-नारिंगी ठिणग्या दिसतात. हा बिघाड नव्हे. ओळखायचं कसं, तर टोपाचं बूड पाहायचं. मिठाची पिवळी ज्योत काजळी धरत नाही आणि थोड्या वेळात जाते. हवा कमी पडलेली ज्योत हटत नाही, आणि तिच्यावर ठेवलेलं भांडं काळं होतं.

कॉक घट्ट झाला की खोबरेल सोडायचं, हीसुद्धा इथली हमखास खोड. नारळाच्या प्रदेशात प्रत्येक कुरकुरीवर खोबरेल हाच उतारा. पण कॉकच्या आत पितळेचा निमुळता भाग दुसऱ्या पितळात घासून बसवलेला असतो आणि त्यावर उष्णता सोसणारं खास ग्रीस लागतं. खोबरेल तिथे तापून चिकट होतं, कॉक आणखी अडतो, आणि मग जोर लावून फिरवताना गळती सुरू होते.

गळतीचं बोलायचं तर आधी दाब समजून घ्यावा. १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये गॅस हवेच्या दाबाच्या कित्येक पटींनी कोंडलेला असतो. रेग्युलेटर तो इतका उतरवतो की नळीतला दाब पाण्याच्या जेमतेम ३० सेंटिमीटर उंचीएवढा राहतो. म्हणून रेग्युलेटर हा शेगडीचा खरा पहारेकरी, आणि रात्री तो बंद करणं ही सवय कुठल्याही उपकरणापेक्षा मोलाची. रबरी नळी नारिंगी, पोलादी तारेची जाळी असलेली ‘सुरक्षा’ असावी. तिच्यावर छापलेलं वर्ष वाचावं, पाच वर्षं झाली की चांगली दिसत असली तरी बदलावी. साध्या नळ्या उंदीर कुरतडतात, आणि नारळी-पोफळीच्या वाडीतल्या घरात उंदीर नाही असं होत नाही. जोडावर शंका आली तर साबणाचा फेस लावावा, बुडबुडा आला की गळती. काडी पेटवून बघणारे अजून भेटतात. नवा सिलिंडर आला की त्याच्या तोंडातली काळी रबरी रिंग जागेवर आहे ना, हे पोचवणाऱ्यासमोरच पाहून घ्यावं.

सिलिंडरमधल्या गॅसला स्वतःचा वास नाही; आपल्याला येतो तो मुद्दाम मिसळलेल्या मर्कॅप्टनचा. हा गॅस हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो. जुन्या कोकणी घरांत अजूनही खाली बसून रांधण्याची सवय आहे, त्यामुळे शेगडी जमिनीवर आणि सिलिंडर शेजारी उभा. ही मांडणी वाईट. शेगडी सिलिंडरपेक्षा उंचावर हवी. वास आला तर दिव्याचं बटण चालू करायचं नाही आणि बंदही करायचं नाही, दोन्हींत ठिणगी पडते. रेग्युलेटर बंद, दारं सताड उघडी, माणसं बाहेर, आणि अंगणातून १९०६ या क्रमांकावर फोन.

या सगळ्यात एक विरोधाभास आहे. स्वयंपाकाच्या गॅसच्या देशातल्या मोठ्या वाटांपैकी एक याच जिल्ह्यातून जाते. ‘सागर सम्राट’ या तेलविहीर खोदणाऱ्या रिगने १९७४ साली समुद्रातलं मुंबई हायचं तेल शोधलं, १९७६ पासून ते निघू लागलं, आणि समुद्रातला वायू नळांनी उरणला किनाऱ्यावर आला. तिथे ओएनजीसीचा प्रकल्प, अलिबागजवळ उसरला गेलचा, थळला त्याच वायूवर खत बनवणारं आरसीएफ. आणि याच तालुक्यांतल्या कित्येक परसांत पाणी तापवायला अजून चूल पेटते. उज्ज्वला योजना २०१६ साली आली, सिलिंडर घरी आला, पण तो पुरवून वापरायचा म्हणून भाकरी आणि आंघोळीचं पाणी चुलीवरच. काटकसर म्हणून ते समजतं. मात्र त्यात शेगडीही कोपऱ्यात झाकून पडते, आणि न वापरलेली शेगडी इथे वापरलेल्या शेगडीपेक्षा लवकर बिघडते.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरुड भागात पत्रे आणि कौलं उडाली, पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, विजेचे खांब कोसळले. कित्येक गावांत पुढे कित्येक दिवस दिवा लागला नाही. मिक्सर बंद पडल्यावर पाटे-वरवंटे बाहेर आले, इंडक्शनची चूल ही निव्वळ काचेची फरशी ठरली, आणि काडेपेटीने पेटणारी साधी दोन बर्नरची शेगडी तेवढी कामाला आली. फक्त उडालेल्या छपराखाली ती रात्रभर खाऱ्या पावसात भिजलेली होती. अशी शेगडी पुसून लगेच पेटवू नये. बर्नर, झाकणं, ट्रे सगळं सुटं करून गोड्या पाण्याने धुवावं, पूर्ण वाळवावं, रेग्युलेटर आणि नळी वितरकाच्या माणसाला दाखवूनच जोडावी.

वापराविना शेगडी बंद राहण्याचा त्रास सगळ्यात जास्त कुणाला, तर मांडवा-किहीम-आवासच्या बंगल्यांना. तिथे आता परदेशी धाटणीच्या कुकिंग रेंज आल्या आहेत: वर पाच-सहा बर्नर, खाली ओव्हन, आणि किंमत अशी की तेवढ्यात इथली एक खानावळ उभी राहील. मालक महिना-दोन महिन्यांनी येतात. मधल्या काळात कुंभारमाशी मोकळ्या नळीच्या तोंडात मातीचं घर बांधते, कोळी जेटपाशी जाळं विणतो, आणि हवेची वाट बंद होते. मग पहिल्याच दिवशी ज्योत बर्नरवर न लागता आत जेटपाशी ‘फट्ट’ करून पेटते. या रेंजना एक चांगली सोय असते. प्रत्येक बर्नरशेजारी थर्मोकपलची लहानशी कांडी असते. ती तापलेली असेपर्यंतच गॅसची झडप उघडी राहते. दूध उतू जाऊन ज्योत विझली तर गॅस आपोआप बंद. आपल्या साध्या शेगड्यांत ही सोय बहुधा नसते, आणि माझ्या मते चकचकीत काचेपेक्षा खरेदीच्या वेळी हीच मागावी. पण मिठाचा थर बसला की ती कांडी दगा देते. नॉब सोडला की ज्योत जाते. तिला मऊ फडक्याने पुसावं, घासू नये. काचेच्या पृष्ठभागावर तापलेला असताना ओलं फडकं टाकू नये. ओव्हन पेटवताना दार उघडं असावं. आणि बंगल्यात शिरल्यावर दिवा लावण्याआधी खिडक्या उघडाव्यात.

उरण, कर्जत, खोपोलीकडे महानगर गॅसची पाइपलाइन आली आहे. सिलिंडरची शेगडी त्या गॅसवर तशीच चालत नाही. नळाचा गॅस वेगळा, त्याचा दाब कमी, म्हणून जेट मोठ्या छिद्राचे लागतात. ते कंपनीच्या माणसाकडूनच बदलून घ्यावे. हा गॅस मिथेन असल्याने हवेपेक्षा हलका, तो छताकडे जातो. त्यामुळे वरची खिडकी पावसाच्या माऱ्याला कंटाळून कुणी बंद करून टाकली असेल तर ती पहिल्यांदा उघडून घ्यावी लागते.