शूल्य आणि उख्य

‘अभिज्ञानशाकुंतला’च्या दुसऱ्या अंकाच्या आरंभी विदूषक मृगयेला कंटाळून रडगाणे गातो, हे आपल्यापैकी संस्कृत घेतलेल्यांना आठवत असेल. भर उन्हात रानोमाळ भटकंती, झाडांच्या पानांनी तुरट झालेले ओढ्याचे पाणी, आणि अवेळी पुढ्यात येणारे, बहुतांशी सळईवर भाजलेले मांस! वर्गात हा भाग चालू असताना सगळे हसतात. मला मात्र त्या बिचाऱ्याचे म्हणणे पटते. जन्मभर रानात धावून निबर झालेल्या जनावराचे मांस नुसते विस्तवावर धरले, तर खाणाऱ्याचे जबडे दुखणारच.

कालिदासाने त्या मांसाला ‘शूल्य’ म्हटले आहे. पाणिनीने अष्टाध्यायीच्या चौथ्या अध्यायात एकाच सूत्रात दोन शब्द सिद्ध केले आहेत. शूलावर, म्हणजे सळईवर, संस्कार झालेले ते शूल्य. आणि उखेत, म्हणजे भांड्यात, शिजलेले ते उख्य. अलीकडे गच्चीवर जाळी मांडून ‘बार्बेक्यू’ करण्याची जी टूम निघाली आहे, तिच्यात हाती येणारे मांस पुष्कळदा वरून कोळसा आणि आतून कच्चे असते. त्याचे कारण या दोन शब्दांत दडलेले आहे, असे माझे मत आहे. जे मूळचे उख्य, त्याला आपण बळेच शूल्य करू पाहतो.

जनावराच्या अंगातील प्रत्येक स्नायूचे काम सारखे नसते. पाय, खांदा, मान हे भाग दिवसभर राबतात. अशा स्नायूंच्या तंतूंभोवती कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे चिवट वेष्टन दाट असते. पाठीच्या कण्यालगतचा भाग त्या मानाने सुखवस्तू. त्याला फारसे कष्ट नाहीत, म्हणून तो मऊ. कोलॅजन विरघळून त्याचे जिलेटिन व्हायला ७०-८० अंश सेल्सिअसची ऊब, ओलावा आणि तासा-दोन तासांचा अवधी लागतो. पातेल्यात हे तिन्ही मिळते. निखाऱ्यावर ऊब पाहिजे त्याहून कितीतरी जास्त, पण ओलावा नाही आणि सवडही नाही. शिवाय ६०-६५ अंशांच्या पुढे मांसाचे तंतू आखडून आतला रस पिळून बाहेर टाकतात. चिवट भाग विस्तवावर जास्त वेळ ठेवला की मऊ होईल, ही समजूत म्हणूनच फसवी आहे. तो मऊ होण्याआधी कोरडा होतो.

मग भाजायचेच कशाला? तर त्या खरपूस चवीसाठी. मांसाचा पृष्ठभाग कोरडा होऊन साधारण १४० अंशांच्या वर तापला की त्यातील प्रथिनांचे घटक आणि शर्करा यांचा संयोग होऊन तपकिरी रंग आणि शेकडो नवे सुवास तयार होतात. लुई-कामिय माइयार या फ्रेंच वैज्ञानिकाने १९१२ मध्ये या क्रियेचे वर्णन केले. रश्श्यात पाणी असते, आणि पाणी उघड्या पातेल्यात १०० अंशांच्या वर जात नाही. म्हणून उख्याला, आधी परतताना मिळेल तेवढे सोडले, तर ही चव दुर्लभ.

आपल्याकडे मटण म्हणजे बोकड, आणि तिथेच खरी गोम आहे. बोकडाच्या मांसात चरबी बेताची आणि चिवटपणा भरपूर. परदेशी पुस्तकात वाचून कोणी मांडीचे मोठे तुकडे सळईवर चढवील, तर विदूषकाच्या पंगतीला जाऊन बसेल. मटणवाल्याकडे पाठीचे चाप मागावेत, आणि तेही कोवळ्या जनावराचे. ते तापलेल्या जाळीवर दोन्ही बाजूंनी मिळून आठ-दहा मिनिटांत होतात. खांदा, मान, नळी रश्श्याला ठेवावी. तिथे त्यांचे सोने होते. खांद्याचेच मांस भाजायचे असेल तर त्याचा खिमा करावा. सुरीने जे तंतू तोडले, ते दातांना तोडावे लागत नाहीत. सीखकबाबाचे सारे रहस्य एवढेच. दुसरा उपाय कच्च्या पपईचा. पपईतील पपेन हे द्रव्य प्रथिने तोडते, पण ते वरवरच काम करते. अर्धा किलो मांसाला चमचाभर वाटण पुरे. रात्रभर लावून ठेवले तर वरचा थर पिठासारखा भुसभुशीत होतो. मसाल्याचेही तसेच. आले-लसूण, हळद, तिखट आत फारसे शिरत नाहीत. खोलवर जाते ते मीठ, तेही सावकाश. म्हणून तुकड्यांना चिरा पाडाव्यात आणि मीठ चार तास आधी लावावे. साखर किंवा मध मात्र शेवटी, नाहीतर तो करपून कडवटपणा येतो.

कोंबडीचा प्रश्न निराळा. बाजारातील ब्रॉयलर कोंबडी पाच-सहा आठवड्यांची असते. तिने कष्ट म्हणून केलेले नसतात, तेव्हा ती शूल्यच. अंगणात उकिरडे उकरीत वर्षभर फिरलेली गावठी कोंबडी मात्र निःसंशय उख्य. ब्रॉयलरमध्येही छातीचे मांस लवकर सुकते. तंगडी आणि मांडी थोडी जास्त भाजली तरी रसाळ राहते, म्हणून नवशिक्याने तंगडीपासून सुरुवात करावी. कोंबडीत अपायकारक जंतू असण्याचा संभव मोठा, त्यामुळे ती अर्धीकच्ची चालत नाही. हाडालगतच्या मांसाचे तापमान ७४ अंश झाले पाहिजे. त्यासाठी टोचून पाहायचा थर्मामीटर आता सहज मिळतो. केवळ रंगावर किंवा पांढऱ्या रसावर विसंबू नये. कच्चे मांस ज्या ताटात होते त्याच ताटात भाजलेले काढण्याची सवय तर फारच वाईट.

डुकराचे मांस चरबीमुळे छान भाजते, पण पूर्ण शिजवावे. कलेजीला दोन-तीन मिनिटे. त्यापुढे तिचे खोडरबर होते. मासळीत कोलॅजन थोडे आणि ते लवकर विरघळते, म्हणून मासळी जात्याच शूल्य. तेलकट बांगडा त्यात श्रेष्ठ. ओला बोंबील मात्र पाण्याने भरलेला, जाळीवर त्याचा चिखल होतो. सुकवल्यावर तोच बोंबील निखाऱ्यावर असा काही भाजतो की वास शेजारच्या आळीपर्यंत जातो.

या दोन्ही वर्गांत न बसणारा एक प्रकार रायगड जिल्ह्यात आहे, तो म्हणजे पोपटी. थंडीत वालाच्या शेंगा आल्या की मडक्यात भांबुर्ड्याचा पाला घालून त्यावर शेंगा, मीठ-मसाला लावलेली कोंबडी, अंडी असे थर देतात, पाल्यानेच तोंड बंद करतात आणि मडके उपडे ठेवून भोवती जाळ करतात. पाणी थेंबभरही नाही. मांस भांड्यात आहे म्हणून उख्य म्हणावे, तर पाण्यावाचून विस्तवात भाजते आहे म्हणून शूल्य! व्याकरणाच्या प्राध्यापकांनी याचा निर्णय द्यावा.

ही विद्या आपल्याला परकी नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने इ. स. ११३० च्या सुमारास रचलेला ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ मराठीच्या विद्यार्थ्यांना त्यातील जुन्या मराठी पदांमुळे ठाऊक असतो. त्यातील अन्नभोगाच्या प्रकरणात निखाऱ्यावर मांस भाजण्याचे प्रकार राजाने मोठ्या आवडीने नोंदले आहेत.

आता विस्तवाविषयी. भाजतो तो निखारा, जाळ नव्हे. लाकडाचा कोळसा पेटवून वीस-पंचवीस मिनिटे थांबावे. त्यावर राखेची पांढुरकी साय आली म्हणजे तो तयार. पेटवायला रॉकेल नको, वास मांसाला लागतो. निखारे शेगडीभर पसरू नयेत, एका बाजूला ढीग करावा. ढिगाच्या बाजूला मांस खरपूस करायचे आणि मग मोकळ्या बाजूला सरकवून, वर पातेले उपडे घालून, आतपर्यंत शिजू द्यायचे. जाळीच्या उंचीवर तळहात धरून पाहावा. दोन-तीन सेकंदांत काढावा लागला तर आच कडक. पाच-सहा सेकंद धरवला तर मध्यम. चरबी ठिबकून भडका उडाला की मांस बाजूला घ्यावे, पाणी शिंपडू नये. त्या भडक्याच्या काजळीत शरीराला घातक द्रव्ये असतात, चव नसते.

निखाऱ्याला धूर नसतो म्हणून तो निरुपद्रवी वाटतो. प्रत्यक्षात धगधगत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. उत्तर भारतात दर हिवाळ्यात बंद खोलीत अंगीठी ठेवून झोपलेली माणसे सकाळी उठत नाहीत, अशा बातम्या येतात. काचा लावून बंद केलेली फ्लॅटची गॅलरी ही याच जातीची खोली. पंखा लावला, एक खिडकी किलकिली केली, एवढ्याने भागत नाही. शेगडी उघड्या अंगणात किंवा मोकळ्या गच्चीवरच हवी. पावसात बेत रद्द करावा. डोके दुखणे, मळमळ, गुंगी ही त्याची पहिली चिन्हे. मेजवानीच्या रात्री लोक तिला अपचन समजतात आणि जाऊन झोपतात. दोघा-तिघांना एकदम असे होऊ लागले तर सगळ्यांना तत्काळ उघड्यावर आणावे आणि दवाखाना गाठावा.

जेवणे झाल्यावर थंडी आहे म्हणून शेगडी घरात आणू नये. वरून विझलेले निखारे राखेखाली सकाळपर्यंत जिवंत असतात. त्यांच्यावर बाहेरच सावकाश पाणी ओतावे, चिमट्याने उलटून पुन्हा ओतावे, आणि राख दुसऱ्या दिवशी, हात लावून पाहिल्यावरच, कचऱ्यात टाकावी.