पोटातल्या गरम केमोनंतरही कॅन्सर परत का येतो?

नायगावहून लोकलने दादर आणि पुढे परळचं टाटा हॉस्पिटल, ही वाट आपल्यातल्या अनेक घरांना आता पाठ झाली आहे. तिथून परतलेल्या घरांत एक प्रश्न हमखास निघतो. एवढं मोठं ऑपरेशन झालं, पोटात गरम केमो दिला, मग आजार परत कसा आला?

मोठ्या आतड्याचा कॅन्सर पोटाच्या आतल्या अस्तरावर पसरला, की काही निवडक पेशंटना हे ऑपरेशन सुचवतात. दिसतील त्या सगळ्या गाठी काढायच्या आणि लगेच ४१ ते ४३ अंश तापवलेलं औषध अर्धा ते दीड तास पोटात फिरवायचं. याला हायपेक म्हणतात. डॉक्टर बाहेर येऊन "सगळं काढलं" म्हणाले, की तसबीह घेऊन बसलेल्या घरच्यांना वाटतं, सुटलो! पण सगळं म्हणजे डोळ्यांना दिसणारं सगळं. बारीक पेशी उरू शकतात, औषध गाठीत दोन-तीन मिलिमीटरच शिरतं, आणि यकृत-फुप्फुसात आधीच गेलेल्या पेशींपर्यंत ते नीट पोचत नाही. त्यामुळे बहुतेकांचा आजार परततो, बऱ्याचदा पहिल्या दोन वर्षांत. यात नजर लागली नाही की बायकोचं पथ्यही चुकलं नाही.

फ्रान्समध्ये २६५ पेशंटवर अभ्यास झाला, २०२१ मध्ये छापून आला. निम्म्यांना फक्त ऑपरेशन, निम्म्यांना वर हायपेक. दोन्हीकडे निम्मे पेशंट सुमारे ४१ महिन्यांहून जास्त जगले. म्हणजे ऑपरेशन वाया गेलं नाही, पण त्या गरम औषधाने आयुष्यात भर पडली नाही. औषध बदलून फरक पडेल का, यावर डॉक्टरांत अजून वाद आहे. म्हणून दागिने मोडण्याआधी विचारा, "आमच्या पेशंटला हायपेकचा जादा फायदा काय?" असं विचारणं म्हणजे बेअदबी नव्हे.

नंतर दर तीन ते सहा महिन्यांनी सीईएची रक्ततपासणी आणि डॉक्टर सांगतील तेव्हा सीटी स्कॅन चुकवू नका. बारीक गाठी स्कॅनमध्ये दिसत नाहीत. पोट फुगलं, उलट्या लागल्या, संडास-गॅस अडला तर पुढच्या तारखेची वाट न बघता निघा. परत आलेल्या आजारात थोड्यांचं पुन्हा ऑपरेशन होतं, बाकीच्यांना शिरेतून केमो. दुखणं कमी करणारा इलाजही इलाजच आहे, तो हक्काने मागा.

रमजानात केमो चालू असेल तर सूरह बकराच्या १८५व्या आयतीत आजाऱ्याला सवलत आहे; अम्मीला रोज्यासाठी गळ घालू नका.

आणि पेशंटच्या सख्ख्या भाऊ-बहिणींनी, मुलांनी चाळिशीत, किंवा पेशंटला आजार निघाला त्या वयाच्या दहा वर्षं आधी, यातलं जे लवकर येईल तेव्हा कोलोनोस्कोपी करून घ्यावी. संडासातून रक्त गेलं की "बवासीर असेल" म्हणून मेडिकलवरून मलम आणणं आता पुरे.