राखणीचा पगार

केनियातल्या लायकिपिया पठाराची माती विदर्भ-मराठवाड्याच्या माणसाला लगेच ओळखू येते. काळी, कापसाची. पावसात चपलेला लगदा, उन्हात हात जाईल एवढ्या भेगा. या काळीवर मैलोन्‌मैल जवळजवळ एकच झाड दिसतं, बाभळीच्या गोतातलं. बोटाएवढे पांढरे काटे, आणि मधूनच एखाद्या जोडीच्या बुडाशी लिंबाएवढा काळा, पोकळ गोळा. गोळ्यांना भोकं असतात. वारा सुटला की त्यांतून बारीक शीळ येते.

गोळा झाडच तयार करतं. कोवळा, मऊ असतानाच मुंग्या तो कुरतडून आत शिरतात आणि तिथे अंडी-पिल्लं वाढवतात. शिवाय पानाच्या देठावरच्या ग्रंथींतून गोड रस पाझरतो. म्हणजे राहणं-जेवण झाडाकडे, राखण मुंग्यांकडे.

आमच्या वाटाड्याने काठीने एक फांदी हलवली. आधी काहीच नाही. मग भोकाभोकांतून मुंग्या बाहेर पडल्या, पोटाचं टोक डोक्यावर उगारून, आणि काठीवरून सरळ हाताकडे निघाल्या. एक उग्र वास आला. एक मनगटाला डसली ती सोडेचना. आपल्या सह्याद्रीत झाडांवर काळपट गोलसर घरटी बांधणाऱ्या मुंग्या याच कुळातल्या. एवढ्याशा जिवाला हत्ती भितो हे ऐकायला गंमतशीर वाटतं, पण सोंडेच्या आतली नाजूक त्वचा हे त्याचं मर्मस्थान. मुंग्या काढून टाकलेल्या फांद्या समोर ठेवल्या तर तो खुशाल खातो.

याला मैत्री म्हणायला मात्र माझी जीभ रेटत नाही. झाडांच्या ताब्यासाठी मुंग्यांच्या चार जाती भांडतात आणि एका झाडावर सहसा एकाच जातीचं राज्य असतं. त्यातली एक झाडाच्या कळ्याच खुडून टाकते. मग फांद्या शेजारच्या झाडाला टेकत नाहीत आणि शत्रूला पूल मिळत नाही; झाड फुलेना का, तिला त्याचं काय! दुसरी रसाच्या ग्रंथीच कुरतडून नष्ट करते, म्हणजे या झाडासाठी कोणी भांडायलाच येऊ नये. तिसरी मुख्य राखणदार. चौथीला गोळ्यांत रसच नाही. भुंगेऱ्याच्या अळ्यांनी खोड पोखरलं की त्या बोगद्यांत ती राहते, आणि राखणीत ती सगळ्यांत आळशी.

पगार थांबवला तर काय होतं, हेही इथेच कळलं. 1995 साली काही तुकड्यांना कुंपण घालून हत्ती-जिराफ बाहेर ठेवले. खाणारेच नाहीत, तेव्हा झाडं बहरायला हवी होती. दहाएक वर्षांनी पाहिलं तर झाडांनी गोळे कमी केले होते, रसही आखडला होता. मुख्य राखणदार जात अर्धपोटी राहून खोडावरच्या खवलेकिडींच्या चिकट गोडव्यामागे लागली, तिचा जोर ओसरला आणि पोखरलेल्या खोडांवर जगणारी आळशी जात पुढे सरकली. कुंपणातली झाडं हळू वाढली आणि जास्त मेली. 2008 साली हे प्रसिद्ध झालं.

आता वेगळंच संकट आलं आहे. मोठ्या डोक्याची एक परकी मुंगी माणसांच्या सामानाबरोबर पसरत इथवर पोचली. ती झाडावरच्या मुंग्या मारते, त्यांची अंडी-पिल्लं खाते आणि झाडाची राखण मात्र करत नाही. ओल पेजेटा अभयारण्यात ती जिथे शिरली तिथे हत्ती पाच ते सात पट वेगाने झाडं मोडतात. आडोसा गेला, नजर मोकळी झाली, आणि दबा धरणाऱ्या सिंहिणी झेब्र्यांना लांबूनच दिसू लागल्या. 2003 साली सिंहांच्या शिकारीत झेब्रे 67 टक्के होते, 2020 साली 42. सिंहांची संख्या काही घटली नाही. त्यांनी रानम्हशी धरल्या, ज्या अंगावर येतात आणि ज्यांना पाडायला जास्त सिंह लागतात.